इंटिग्रेशन म्हणजे 'उलटं डेरिव्हेटिव्ह' असं शिकवणं आता पुरे (कॅल्क्युलस, पायापासून)

आलेखवेडा (धागालेखक)

कॅल्क्युलस शिकलेल्या कुणालाही विचारा, इंटिग्रेशन म्हणजे काय? उत्तर ठरलेलं: "डेरिव्हेटिव्हच्या उलट." मग विचारा, बरं, पण उलट केल्यावर आलेखाखालचं क्षेत्रफळ कसं काय हाती लागतं? इथे बहुतेकांची गाडी अडते. "ते तसंच असतं", "पुस्तकात दिलंय" यापुढे कुणी जात नाही. माझ्या मते दोष शिकणाऱ्याचा नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे. आधी डेरिव्हेटिव्हची सूत्रं, मग तीच उलटी फिरवून इंटिग्रेशनची सूत्रं, आणि शेवटी घाईघाईत "याने क्षेत्रफळही काढता येतं". ज्या प्रमेयासाठी हा सगळा खटाटोप, तेच व्याख्या म्हणून गळी उतरवलं जातं. त्यात नवल करण्यासारखं काही होतं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून हा धागा. सूत्रं बाजूला ठेवू, दोन प्रश्न वेगवेगळे सोडवू आणि मग ते कुठे भेटतात ते बघू. चल क्ष, आणि त्यातला छोटासा बदल ह.

पहिला प्रश्न, बदलाचा दर. य = क्ष² घ्या. क्ष = ३ असताना य किती वेगाने वाढतोय? दर म्हणजे बदल भागिले बदल, आणि एकाच बिंदूवर उभं राहिलं तर बदल कुठला? म्हणून जरा हलून बघायचं. क्ष ३ वरून ३.१ केला तर य ९ वरून ९.६१ होतो, भागाकार ६.१. ३.०१ केला तर ६.०१. मागे येऊन २.९ घेतला तर ५.९, २.९९ घेतला तर ५.९९. दोन्ही बाजूंनी ६ ला वेढा पडतोय. कारणही उघड आहे: (३+ह)² − ९ = ६ह + ह², त्याला ह ने भागलं की ६ + ह. म्हणजे उत्तर ६ पासून बरोब्बर ह इतकं लांब. ३ पाशी डेरिव्हेटिव्ह ६.

आता "स्पर्शिकेचा चढ ६" असं लिहून पान उलटू नका. तेच समीकरण पुन्हा वाचा: (३+ह)² = ९ + ६ह + ह². यातली ९ + ६ह ही सरळ रेषा. ह² ही त्या रेषेवर विसंबल्यामुळे झालेली चूक. ह = ०.०१ असेल तर चूक ०.०००१. ह दहापट लहान केला की चूक शंभरपट लहान. माझ्या लेखी डेरिव्हेटिव्ह म्हणजे हेच: वाकड्या फंक्शनचा सरळ रेषेने केलेला असा अंदाज, की ह लहान होताना चूक ह पेक्षाही झपाट्याने संपते. चढ, वेग, दर ही सगळी त्याची रूपं.

दुसरा प्रश्न, साठत जाणारी बेरीज. आता डेरिव्हेटिव्ह हा शब्द पूर्ण विसरा. क्ष² च्या आलेखाखाली ० ते १ मध्ये किती क्षेत्रफळ आहे? पायाचे १० सारखे भाग करा, प्रत्येकावर आयत उभा करा. आयताची उंची डाव्या कडेवरून घेतली तर आयत आलेखाच्या आत राहतात, बेरीज ०.२८५. उजव्या कडेवरून घेतली तर बाहेर डोकावतात, बेरीज ०.३८५. खरं क्षेत्रफळ या दोहोंच्या मध्ये. १०० भाग केले तर ०.३२८३५ आणि ०.३३८३५. दोन्ही बेरजांतला फरक नेहमी १ भागिले भागांची संख्या इतकाच राहतो, कारण मधले आयत दोन्हीकडे तेच आहेत, एक घर सरकलेले; वेगळा फक्त शेवटचा. फरक हवा तितका लहान करता येतो आणि वर्गांच्या बेरजेचं सूत्र वापरलं तर या कात्रीत कायम सापडणारा आकडा एकच निघतो, १/३. ही झाली इंटिग्रलची व्याख्या. यात कुठेही काही 'उलटं' केलेलं नाही. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पॅराबोलाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढलं ते डेरिव्हेटिव्हचा गंध नसताना.

आता भेट. ० पासून क्ष पर्यंतच्या क्षेत्रफळाला क(क्ष) म्हणू. उजवी कड ह ने पुढे ढकलली तर एक बारीक पट्टी वाढते. तिची रुंदी ह, उंची क्ष² आणि (क्ष+ह)² यांच्या दरम्यान कुठेतरी. म्हणजे वाढलेलं क्षेत्रफळ क्ष²·ह पेक्षा कमी नाही आणि (क्ष+ह)²·ह पेक्षा जास्त नाही. ह ने भागा. क्षेत्रफळ वाढण्याचा दर क्ष² आणि (क्ष+ह)² यांच्या चिमट्यात सापडला, आणि ह लहान झाला की चिमटा क्ष² वर मिटतो. क्षेत्रफळ वाढण्याचा दर म्हणजे त्या जागची उंची!

म्हणजे क्षेत्रफळ हवं असेल तर ज्याचं डेरिव्हेटिव्ह क्ष² आहे असं फंक्शन शोधा. क्ष³/३. त्यात १ घाला, ० घाला, वजा करा: १/३. पट्ट्या मोजून आलेला आकडा एका ओळीत. याला कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय म्हणतात. दोन प्रश्न एकमेकांचे कुणी लागत नव्हते, ते सख्खे निघाले.

जाणकारांनी भर घालावी, नव्यांनी बिनधास्त विचारावं.

पानगळ

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

नवशिका

छान लिहिलंय, पण एक खटकतंय. ६ + ह पर्यंत कळलं. तिथे ह ने भागलं, म्हणजे ह शून्य नाही. पुढच्या ओळीत ह शून्य ठेवून ६ काढलं. एकाच दमात ह शून्य नाही आणि ह शून्य आहे? ही हातचलाखी वाटते.

खडूस मास्तर

नवशिका, शंका उत्तम आहे आणि तुमच्या आधी बिशप जॉर्ज बर्कलीने १७३४ साली हीच विचारली होती. न्यूटनपंथीयांच्या या नाहीशा होणाऱ्या राशींना त्याने "गेलेल्या राशींची भुतं" म्हणून हिणवलं. बर्कलीचा मुद्दा बिनतोड होता. उत्तरं बरोबर येत होती, पण का येतात ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. पुढे जवळपास शंभर वर्षं काम तसंच चाललं. कोशीने १८२१ च्या पुस्तकात लिमिटला मध्यभागी आणलं आणि आज शिकवतात ती काटेकोर भाषा वायरस्ट्रासच्या व्याख्यानांतून रुळली.

उत्तर असं: ह शून्य ठेवलेलाच नाही. "लिमिट ६ आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच: तुम्ही सांगा किती चूक चालेल, मी सांगतो ह किती लहान ठेवायचा. तुम्ही म्हणालात, भागाकार ६ पासून ०.००१ पेक्षा लांब नको. मी म्हणतो, ह शून्यापासून ०.००१ च्या आत ठेवा, पण शून्य नको. तुम्ही ०.०००००१ म्हणा, माझं उत्तर तयार आहे. तुम्ही मागाल त्या प्रत्येक मर्यादेला माझ्याकडे उत्तर असेल, तर लिमिट ६. तुमची मर्यादा म्हणजे एप्सिलॉन, माझं उत्तर म्हणजे डेल्टा. मुलं ज्याला घाबरतात ते एवढंच आहे. या सगळ्या व्यवहारात ह कुठेही शून्य झाला नाही.

६ + ह मध्ये शून्य 'ठेवून' उत्तर मिळतं, कारण ६ + ह हे फंक्शन शून्यापाशी अखंड आहे: त्याची तिथली लिमिट आणि तिथली किंमत एकच. ती सोय आहे, व्याख्या नव्हे.

नवशिका

म्हणजे लिमिट ही 'जवळ जवळ जाण्याची' क्रिया नाहीच? काही सरकत नाही, नुसती अट आहे?

खडूस मास्तर

अगदी. काहीही सरकत नाही. "जवळ जातो" हे बोलायला बरं पडतं म्हणून बोलतो. आणि अट मोडतेही. |ह|/ह घ्या. ह धन असेल तर १, ऋण असेल तर −१. तुम्ही चूक ०.५ पर्यंत चालेल म्हणालात तरी मी असा एकही आकडा सांगू शकत नाही, की जो दोन्ही बाजूंना पुरेल. लिमिट नाही. साइन(१/क्ष) तर शून्याजवळ −१ आणि १ यांच्यात इतक्यांदा हेलपाटे घालतो की एका बाजूनेही लिमिट नाही.

उलट (क्ष² − ९)/(क्ष − ३) ला क्ष = ३ पाशी किंमतच नाही, खाली शून्य येतो, तरी लिमिट ठणठणीत ६ आहे. त्या बिंदूवर काय चाललंय याच्याशी लिमिटला देणंघेणं नसतं, आजूबाजूला काय आहे तेवढंच ती बघते. गंमत म्हणजे हा तोच भागाकार आहे जो धाग्यात वर आला, फक्त ३+ह ला क्ष म्हटलंय.

(अवांतर: "अतिसूक्ष्म राशी", म्हणजे शून्य नाहीत पण कुठल्याही धन आकड्याहून लहान अशा राशी, पूर्ण टाकाऊ होत्या असंही नाही. अब्राहम रॉबिन्सनने १९६० च्या दशकात त्या तर्कशुद्ध पायावर उभ्या करून दाखवल्या. पण तो रस्ता लांबचा आहे, सुरुवात लिमिटनेच करा.)

चौकस

आलेख तुटक नसेल, म्हणजे फंक्शन अखंड असेल, तर डेरिव्हेटिव्ह असतंच ना?

आलेखवेडा

नाही. |क्ष| बघा. शून्यापाशी आलेख सलग आहे पण टोक आहे. मास्तरांनी वर दिलेला |ह|/ह हाच तिथला भागाकार. उजवीकडची रेषा म्हणते चढ १, डावीकडची म्हणते −१, आणि एकही सरळ रेषा दोन्ही बाजूंना चांगला अंदाज देत नाही. उलट दिशा मात्र खरी: डेरिव्हेटिव्ह असेल तर फंक्शन अखंड असतंच.

एखाद-दुसरं टोक ठीक आहे, असं लोकांना वाटायचं. १८७२ साली वायरस्ट्रासने बर्लिनच्या अकादमीपुढे असं फंक्शन मांडलं, जे सगळीकडे अखंड आहे आणि कुठेच, एकाही बिंदूवर, डेरिव्हेटिव्ह नाही. कितीही जवळून बघा, सरळ होतच नाही, नवनवे दाते दिसत राहतात. क्ष² चा आलेख जवळून बघितला की सरळ रेषा दिसायला लागते, ही त्या फंक्शनची मेहेरबानी आहे, हक्क नाही.

पडताळा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. वीस वेळा एप्सिलॉन-डेल्टा करून माझं कुठलंही डिझाइन सुधारलं नाही. सूत्रं पाठ असावीत, कुठलं कुठे लावायचं ते कळावं, बास. उलटं डेरिव्हेटिव्ह म्हणून शिकलो, काहीही अडलं नाही.

आलेखवेडा

राग कशाचा! एक छोटं काम करा. १/क्ष² चं −१ पासून १ पर्यंत इंटिग्रेशन. तुमच्याच पद्धतीने.

पडताळा

−१/क्ष चं डेरिव्हेटिव्ह १/क्ष². वरची मर्यादा घातली, −१. खालची घातली, +१. वजाबाकी −२.

...थांबा. १/क्ष² कायम धन असतं. क्षेत्रफळ ऋण कसं येईल?

आलेखवेडा

तेच तर. सूत्राने तक्रार केली नाही, गुमान −२ काढून दिलं. मूलभूत प्रमेयाला अट आहे: ज्या पट्ट्यावर, म्हणजे क्ष च्या ज्या टप्प्यात, इंटिग्रेशन करताय तिथे फंक्शन नीट वागलं पाहिजे. इथे क्ष = ० पाशी आलेख आभाळात जातो. −१/क्ष हे फंक्शनही तिथे तुटतं. ०.०१ ते १ मधलं क्षेत्रफळ काढा, ९९ येतं. ०.००१ पासून काढा, ९९९. त्याला अंतच नाही, हे क्षेत्रफळ कुठल्याही आकड्यात मावत नाही. पट्ट्यांची बेरीज डोक्यात असती तर पहिल्याच पट्टीवर संशय आला असता.

पडताळा

हे लागलं. मान्य. आता माझ्याकडून दोन पैशांची भर, कारण या धाग्यात अजून कुणी युनिटबद्दल बोललं नाही. उत्तर तपासायला याहून स्वस्त साधन नाही. डेरिव्हेटिव्हचं युनिट य चं भागिले क्ष चं. इंटिग्रलचं युनिट य चं गुणिले क्ष चं. मीटरला सेकंदाने भागा, वेग. वेगाला सेकंदाने गुणा, पुन्हा मीटर. वेगाच्या आलेखाखालचं 'क्षेत्रफळ' हे अंतर असतं, चौरस काही नसतं, हे युनिट लिहिलं की आपोआप कळतं.

आणि धागालेखकाने म्हटलेला सरळ रेषेचा अंदाज आम्ही रोज वापरतो, नाव न घेता. √९.०६ किती? ९ पाशी वर्गमुळाचा चढ १/६. ०.०६ चा सहावा भाग ०.०१. उत्तर ३.०१. पडताळा: ३.०१ चा वर्ग ९.०६०१. कॅल्क्युलेटर काढायच्या आत काम झालं.

सावली

मला गुणाकाराचा नियम कधीच पटला नाही. बेरजेचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हची बेरीज, मग गुणाकाराचं का नाही? आणि चेन रूलमध्ये (एका फंक्शनच्या पोटात दुसरं असतं तेव्हाचा नियम) मात्र गुणाकार होतो! पाठ आहे, पटलेलं नाही.

आलेखवेडा

सावलीताई, तुम्ही एकट्या नाही. न्यूटनइतकाच कॅल्क्युलसचा जनक मानला जाणारा लायबनिझ, त्याच्या १६७५ च्या हस्तलिखित टिपणांतही हा प्रश्न आहे, गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हचा गुणाकार होईल का, आणि तो तिथेच निकालात काढलेला आहे.

अंदाजाच्या भाषेत बघा. दोन फंक्शनं उ आणि व, त्यांची डेरिव्हेटिव्हं उ′ आणि व′. क्ष ह ने हलला की उ चा होतो उ + उ′ह आणि व चा व + व′ह (चूक बाजूला ठेवू, ती ह पेक्षा झपाट्याने संपते). दोहोंचा गुणाकार करा:

उव + (उ′व + उव′)ह + उ′व′ह²

ह सोबत कोण बसलंय? उ′व + उव′. हेच डेरिव्हेटिव्ह. आणि तुम्हाला हवा होता तो उ′व′ कुठे गेला? तो ह² सोबत, चुकीच्या गोटात. आयत डोळ्यांपुढे आणा: दोन्ही बाजू जराशा वाढवल्या की दोन लांब पट्ट्या वाढतात आणि कोपऱ्यात एक चिमुकला आयत. चिमुकला सोडून द्यायचा.

चेन रूल याहून सोपा. आतलं फंक्शन बदलाला ३ ने गुणतं, बाहेरचं फंक्शन हाती आलेल्या बदलाला ५ ने गुणतं. एकूण? १५. इथे गुणाकार होतो, कारण बदल एका फंक्शनमधून निघून दुसऱ्यात शिरतो. गुणाकाराच्या नियमात दोघं शेजारी शेजारी उभे आहेत, एकाच्या पोटात दुसरा नाही. बाहेरचा चढ आतल्या किमतीपाशी मोजायचा, क्ष पाशी नाही, एवढं मात्र विसरू नका. मार्क तिथेच जातात.

सावली

चिमुकला आयत! इतकी वर्षं हे कुणी काढून का दाखवलं नाही? +१

पोथीपुराण

धाग्यात सगळे युरोपीयच दिसतात. भास्कराचार्य आणि केरळचे माधव यांचं नाव कुठेच नाही? हे सगळं आपल्याकडे आधीच होतं.

चौकस

आला का हा प्रतिसाद! वाटच बघत होतो :)

खडूस मास्तर

चौकस, थट्टा नको, माणूस अर्धा बरोबर आहे. फक्त 'सगळं' हा शब्द काढा.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आहे आणि ज्या म्हणजे साइन, तिच्यातला छोटा बदल कोसाइनच्या प्रमाणात होतो हेही वापरलं आहे. हा दराचा विचारच. माधवांच्या परंपरेत चौदाव्या शतकापासून साइन, कोसाइन आणि पायच्या अनंत श्रेढी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, आहेत. सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवांच्या मल्याळम 'युक्तिभाषे'त त्यांच्या सिद्धताही आहेत. त्यात १ पासून न पर्यंतच्या घातांची बेरीज, न खूप मोठा असताना, कशी वागते याचा हिशोब येतो: वर्गांची बेरीज न³/३ च्या जवळ, घनांची न⁴/४ च्या जवळ. धागालेखकाने पट्ट्या मोजून १/३ काढला, तो हाच हिशोब. इब्न अल-हैथमने त्याच्याही आधी, अकराव्या शतकाच्या आसपास, चौथ्या घातांची बेरीज वापरून घनफळ काढलं होतं.

दर होता, बेरीज होती. दोन्ही एकमेकांची उलट आहेत, आणि ते कुठल्याही आलेखाला लागू आहे, हे सर्वसाधारण विधान मात्र तिथे नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्याच्याकडेही नव्हतं, आणि त्याने क्ष च्या घातांखालची क्षेत्रफळंही काढली होती आणि स्पर्शिकाही! दोन्ही खिशांत दोन अर्धे घेऊन माणूस फिरत होता. भूमितीच्या वेशात ते विधान ग्रेगरी आणि बॅरो यांच्याकडे दिसतं, १६७० च्या आगेमागे. न्यूटन आणि लायबनिझ यांचं मोठेपण हे की त्यांनी त्यावरून कुणालाही चालवता येईल अशी रीत बनवली. लायबनिझचा पहिला लेख १६८४ चा. पुढे श्रेयावरून जे भांडण पेटलं त्यात रॉयल सोसायटीची चौकशी समिती बसली, तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष कोण? खुद्द न्यूटन. निकाल काय लागला ते वेगळं सांगायला नको.

पोथीपुराण

'सगळं' मागे घेतो. घातांच्या बेरजेचं माहीत नव्हतं, धन्यवाद मास्तर.

नवशिका

अजून दोन शंका. इंटिग्रलमध्ये शेवटी जो 'डीएक्स' लिहितात तो नेमका कोण? आणि ते शेवटचं 'अधिक सी' न लिहिल्यावर मार्क का कापतात?

आलेखवेडा

डीएक्स म्हणजे पट्टीची रुंदी, तिची आठवण. ∫ हे चिन्ह म्हणजे लायबनिझने ताणून लांब केलेलं 'एस', बेरजेसाठी. तेव्हा ते सगळं मिळून वाचा: उंची गुणिले रुंदी, सगळ्यांची बेरीज. म्हणूनच क्ष बदलून दुसरा चल घेतला की डीएक्सही बदलावा लागतो. समजा ट = २क्ष घेतलं. ट च्या मापात प्रत्येक पट्टी दुप्पट रुंद झाली, मग डीएक्सच्या जागी अर्धा डीटी नको का? आणि मर्यादाही बदला, ० ते १ चं ० ते २ करा. अर्धी जनता इथे मर्यादा जुन्याच ठेवते.

'सी' बद्दल मास्तर सांगतील, त्यांचा आवडता विषय दिसतो.

खडूस मास्तर

दिसतो काय, आहेच. क्ष³/३ आणि क्ष³/३ + ७ दोहोंचं डेरिव्हेटिव्ह एकच, कारण आलेख वर-खाली सरकवून चढ बदलत नाही. एवढं सगळे सांगतात. पण उलट बाजू? दोन फंक्शनांचं डेरिव्हेटिव्ह सारखं असेल तर त्यांच्यात फक्त स्थिरांकाचाच फरक असतो, हे कशावरून? याला मध्यमान प्रमेय लागतं: कुठल्याही प्रवासात सरासरी वेगाइतका वेग एखाद्या क्षणी तरी असतोच. दोन फंक्शनांच्या फरकाचा वेग कायम शून्य. तो फरक कुठेही बदलला असता तर सरासरी वेग शून्य नसता, आणि मग एखाद्या क्षणी तरी वेग शून्य नसता. म्हणून बदलत नाही.

हे सगळं एकाच सलग पट्ट्यावर चालतं. १/क्ष घ्या. पुस्तकं लिहितात लॉग|क्ष| + सी. खरं तर शून्याच्या डावीकडे एक सी आणि उजवीकडे दुसराच सी घेतला तरी डेरिव्हेटिव्ह १/क्ष च राहतं, कारण मध्ये खड्डा आहे, दोन तुकड्यांचा संबंधच नाही. मार्क कापायचेच तर इथे कापा.

आता धागालेखकालाही एक टोला. पट्टीची उंची क्ष² आणि (क्ष+ह)² च्या मध्ये, हे तुम्ही सहज म्हणून गेलात. क्ष² चढतं फंक्शन आहे म्हणून निभावलं. सर्वसाधारण फंक्शनला पट्टीतली सर्वात कमी आणि सर्वात जास्त उंची घ्यावी लागते, आणि ह लहान झाल्यावर दोन्ही एकाच किमतीवर येतात ते फंक्शन अखंड असेल तरच. ती अट सोडली तर विचित्र प्रकार घडतात. व्होल्टेराने १८८१ साली असं फंक्शन दाखवलं की त्याचं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे आहे, ते ठरावीक आकड्यांच्या बाहेरही जात नाही, पण त्या डेरिव्हेटिव्हचं रीमान पद्धतीने, म्हणजे वरच्यासारख्या पट्ट्यांच्या बेरजेने, इंटिग्रेशनच होत नाही. 'उलटं डेरिव्हेटिव्ह' हीच व्याख्या मानणाऱ्यांनी हे उदाहरण उशाला घेऊन झोपावं.

आलेखवेडा

टोला शिरसावंद्य. धाग्यात 'अखंड असेल तर' असं मनाने वाचावं.

चौकस

साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, हे अंशांत कोन घेतला तरी खरं का?

पडताळा

नाही! रेडियनमध्येच. अंशांत घेतलं तर पाय/१८० ने गुणावं लागतं. साइन क्ष भागिले क्ष ची शून्यापाशी लिमिट १ येते ती रेडियनमध्ये. सगळा डोलारा तिच्यावर उभा. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून चढ काढला की उत्तर साधारण ५७ पट लहान येतं, आणि मग माणूस सूत्राला शिव्या घालतो.

सावली

कमाल-किमान राहिलंच की. डेरिव्हेटिव्ह शून्य करायचं आणि सोडवायचं, एवढंच ना?

खडूस मास्तर

एवढंच नाही. चढ शून्य नसेल तर एका बाजूला सरकून फंक्शन वाढतं आणि दुसऱ्या बाजूला घटतं, म्हणून आतल्या बिंदूवर कमाल असेल आणि तिथे डेरिव्हेटिव्ह असेल, तर ते शून्य असलंच पाहिजे. उलट खरं नाही: क्ष³ चं शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह शून्य, पण ना कमाल ना किमान. शिवाय पट्ट्याची टोकं आणि टोकदार जागा वेगळ्या तपासा. |क्ष| ची किमान किंमत नेमकी तिथे आहे जिथे डेरिव्हेटिव्हच नाही.

नवशिका

शेवटची शंका. ज्याचं उलटं सापडतच नाही त्याचं काय? ई चा −क्ष² घात, हे फंक्शन. अनेक सूत्रं लावून पाहिली, जमत नाही.

आलेखवेडा

जमणार नाही. नेहमीच्या फंक्शनांच्या बेरीज-गुणाकार-घात-लॉग-साइनमधून त्याचं उलटं बनवता येत नाही हे सिद्ध झालंय. त्या सिद्धांताचा पाया लिऊव्हिलने १८३० च्या दशकात घातला. पण फंक्शन अखंड आहे, आलेखाखाली क्षेत्रफळ आहेच. ऋण अनंतापासून धन अनंतापर्यंतचं तर नेमकं √पाय आहे. सूत्र नाही म्हणून बेरीज थांबत नाही. ० ते १ चं काढून बघा, तीन उंच्या पुरतील. सिम्पसनचा नियम: दोन्ही टोकांच्या उंच्या, अधिक मधली उंची चौपट, सगळ्याला सहाने भागा.

नवशिका

टोकांवर १ आणि ०.३६७९. मध्ये, म्हणजे ०.५ पाशी, ०.७७८८, चौपट ३.११५२. एकूण ४.४८३१, भागिले ६ = ०.७४७२.

पडताळा

संगणकाचं उत्तर ०.७४६८. तीन उंच्यांत!

खडूस मास्तर

आणि संगणक नसता तरी चूक किती होऊ शकते ते आधी सांगता आलं असतं. सिम्पसनची चूक चौथ्या डेरिव्हेटिव्हवर अवलंबून असते. या फंक्शनचं चौथं डेरिव्हेटिव्ह ० ते १ मध्ये आकाराने १२ च्या वर जात नाही. १२ भागिले २८८०, म्हणजे चूक ०.००४२ पेक्षा जास्त असूच शकत नाही. हा २८८० कुठून आला ते नवशिकांनी शोधावं, सुरुवात क्ष⁴ ला हाच नियम लावून करा.